तोंडात नळी असताना आण्णांना बसवलं, थांबवू का?

प्रश्न : ताई, आमच्या आण्णांना न्यूमोनिया झालाय, मिरजेला आयसीयूत ॲडमिट आहेत, आज सहावा दिवस, व्हेंटिलेटरवरच आहेत. काल आत गेलो तर फिजिओ मॅडम आणि दोन सिस्टर त्यांना कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसवत होत्या, तोंडात नळी तशीच! आत्या तर बाहेर येऊन रडायलाच लागली, म्हणते एवढ्या आजारी माणसाला कसला व्यायाम, पडू दे की निवांत. मलाबी काही कळंना. थांबवायला सांगू का?
- एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : थांबवू नका. आत्याचं रडणं मला कळतं, आपल्याकडं आजारी माणसाला हलवायचं नाही ही मायाच असते, पण आयसीयूत नुसतं पडून राहणं हेच दुसरं दुखणं होऊन बसतं. प्लास्टर काढल्यावर पाय कसा काटकुळा दिसतो बघितलंय ना, तेच इथं होतं फक्त फार झपाट्यानं, कारण अंगात इन्फेक्शन असलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं. इंग्लंडमध्ये ६३ पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला होता, २०१३ चा अभ्यास आहे, दहाच दिवसात सरासरी जवळपास १८ टक्के बारीक झालेला! आणि श्वासाचा पडदा पण स्नायूच, सगळं काम मशीन करत राहिलं की तो बी ढिला पडतो, मग मशीन सुटता सुटत नाही.

आण्णांना एकदम उठवून बसवलेलं नसणार. आधी गुंगीचं औषध कमी करतात, डोळे उघडा, हात दाबा असं सांगून बघतात, मग कॉटवरच हातपाय हलवणं, डोक्याकडची बाजू वर करणं, ते सोसलं की कडेला बसवणं, पुढं उभं करणं, खुर्ची. एकाचं लक्ष फक्त नळीवर असतं आणि बीपी नाहीतर ऑक्सिजन खाली आला की लगेच आडवं करतात. बीपी टिकवायची औषधं मोठ्या डोसवर असतील किंवा ऑक्सिजन फार लागत असेल तर त्या दिवशी बसवतच नाहीत.

फायदा होतो का, तर होतो. अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटवर बघितलं, २००९ साली, ज्यांना सुरुवातीपासून व्यायाम दिला त्यातले ५९ टक्के डिस्चार्जच्या वेळी आपली अंघोळ, कपडे, चालणं आपण करत होते, बाकीच्यांत ३५ टक्केच. ते भ्रमात बडबडणं, सलाईन उपसणं, माणूस न ओळखणं असतं ना, ते पण निम्मे दिवस राहिलं. पण म्हणून अजून करा, दोनदा करा असं मॅडमच्या मागं लागू नका हं, २०२२ ला ७५० पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त रेटून करून घेतलं तर जादा फायदा काही झाला नाही, उलट बीपी, ठोके, ऑक्सिजन बिघडायचे प्रकार वाढले. किती करायचं ते रोज आण्णांकडं बघूनच ठरू दे.

तुम्ही घरच्यांनी काय करायचं? चष्मा, कानाचं मशीन असेल तर सिस्टरकडं द्या. आत्याला आत पाठवा, आज वार कुठला, किती वाजले, बागेत काय चाललंय हे त्यांना ओळखीच्या आवाजात सांगू दे, उत्तर आलं नाही तरी सांगत राहायचं. पायाला तेल लावून चोळू मात्र नका, शिरेत रक्ताची गाठ झालेली असली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून विचारल्याशिवाय नाहीच. आणि नळी निघाली की कौतुकानं लगेच चहा पाजू नका, काही दिवस गिळणं कच्चं असतं, घोट श्वासनळीत गेला तर परत न्यूमोनिया, आधी गिळायची तपासणी होऊ दे.

घरी आल्यावर पण महिनोन्महिने थकवा राहतो, झोप लागत नाही, विसरायला होतं, त्याला आळस म्हणू नका. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आत्ताच बघून ठेवा, आणि डिस्चार्जच्या दिवशी घरी करायचे व्यायाम मॅडमकडून कागदावर लिहून घ्या.