बायोप्सीत 'पी६३ निगेटिव्ह' आलंय, म्हणजे वडिलांना कॅन्सर नाही ना?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची प्रोस्टेटची बायोप्सी झाली, रिपोर्टात 'पी६३ निगेटिव्ह, एएमएसीआर पॉझिटिव्ह' आहे, मग दोन्हींतलं खरं कोणतं धरायचं? सांगताना जड जातंय, पण हे दोन्ही शब्द एकाच बाजूला बोट दाखवतात आणि ती बाजू कॅन्सरची आहे.

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये याच स्लाइड तयार करतो. मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याकडचे एक काका असाच रिपोर्ट घेऊन आले होते. पोराने घरी फोन करून 'निगेटिव्ह आलं' म्हणून सांगूनही टाकलं होतं. 'निगेटिव्ह म्हणजे आजार नाही' हा डेंग्यूच्या टेस्टचा हिशेब त्यांनी इथे लावला, तो इथे चालत नाही.

प्रोस्टेटमध्ये बारीक बारीक ग्रंथी असतात. निरोगी ग्रंथीत आतल्या पेशींना बाहेरून बेसल पेशींचा एक थर वेढून असतो आणि पी६३ हे प्रोटीन त्या थरात असतं. कॅन्सरच्या ग्रंथीला हा थर नसतो. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तो आहे की नाही हे दर वेळी ठरवता येत नाही. म्हणून बायोप्सीच्या तुकड्याचा तीन-चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घेऊन तो आधी बफर नावाच्या द्रावणात तापवतो, तुकडा टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिनमुळे झाकली गेलेली प्रोटीनं उघडी व्हावीत म्हणून. (या कामाला कित्येक लॅबमध्ये साधा प्रेशर कुकर वापरतात.) मग पी६३ला चिकटणारी अँटिबॉडी घालायची. निरोगी ग्रंथीभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं उमटतं. तिच्या शेजारीच एखादी लहानशी ग्रंथी असते, तिच्याभोवती काहीच नाही, नुसत्या निळ्या पेशी. शेजारणीला कडं आलंय, म्हणजे रंग नीट लागलाय, हिचा थरच नाही. तुमच्या रिपोर्टातलं 'निगेटिव्ह' ते हे.

एएमएसीआर हे एन्झाइम कॅन्सरच्या पेशी बहुधा जास्त बनवतात. पण कॅन्सरच्या आधीच्या काही बदलांतही ते दिसतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर कुणी निदान करत नाही. पेशींची ठेवण आणि ही दोन्ही प्रोटीनं एकत्र पाहूनच पॅथॉलॉजिस्ट सही करतात.

आता घाबरण्याआधी रिपोर्टात ग्लीसन स्कोअर (ग्रंथींच्या ठेवणीवरून दिलेल्या दोन आकड्यांची बेरीज) शोधा, कारण आजार किती जोरात आहे हे ही दोन प्रोटीनं सांगत नाहीत, तो सांगतो. ३+३=६ असेल तर अनेकदा लगेच ऑपरेशन न करता नियमित तपासणीवर ठेवतात. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७च, पण दुसरा जास्त गंभीर, म्हणून बेरजेवर थांबू नका. किती तुकड्यांत कॅन्सर सापडला तेही बघा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबमधून स्लाइडसोबत मेणाचे ब्लॉकही (बायोप्सीचे तुकडे ज्यात बसवलेले असतात ते) मागून घ्या. त्यातून पुन्हा काप काढता येतात, वडिलांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागेलच असं नाही. युरॉलॉजिस्टकडे जाताना पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचे जुने रिपोर्टही सोबत ठेवा.