हवालदाराच्या पेन्शनवर परदेशात निवांत राहता येतं का?

राम राम साहेब. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 44, फौजेत हवालदार, पुढच्या मार्चमध्ये पेन्शनवर येणार, पेन्शन साधारण 34 हजार बसेल, मुलाचं शिक्षण संपत आलंय आणि गावाकडं येऊन एटीएमपुढं बंदूक घेऊन बसायची इच्छा नाही. थायलंड किंवा पोर्तुगालला जाऊन दोघं नवरा-बायको निवांत राहू शकतो का, असं विचारलंय.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून 28 वर्षांनी, 2019 साली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. त्यानंतर बायकोला घेऊन सोळा महिने पोखऱ्याला राहून आलोय. "नेपाळ कसला परदेश?" असं आमच्या तालमीतली पोरं म्हणतात. म्हणू देत. घड्याळ वेगळं, नोटा वेगळ्या, रविवारी शाळा भरायची आणि शनिवारी सुट्टी. मला तेवढा परदेश पुरला.

आधी तुमच्या यादीचं बघू. थायलंडच्या निवृत्तीच्या व्हिसाला वय 50 लागतं. शिवाय तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवायचे, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर, किंवा महिन्याला 65 हजार बाटचं उत्पन्न दाखवायचं. मॉरिशसलाही मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, म्हणून मी तिथलीही चौकशी केली होती. तिथं पण 50 ची अट, आणि दर महिन्याला दीड-दोन हजार डॉलर बाहेरून आणायचे. पोर्तुगालच्या डी-सात व्हिसाला वयाची अट नाही, पण उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाएवढं लागतं. 2025 ला ते 870 युरो होतं, बायकोचं वर आणखी निम्मं. आपल्या पेन्शनीत हे बसत नाही. गंमत बघा, सिव्हिलमधला माणूस ज्या वयात नोकरीत जरा स्थिरावतो त्या वयात आपण पेन्शनर होतो, आणि असला तरणा पेन्शनर यातल्या कुठल्याच देशाच्या नियमात बसत नाही. कर्नल साहेबांचं गणित वेगळं. तुमचं-माझं हे असं.

राहिलं नेपाळ. 1950 च्या करारामुळं आपल्याला व्हिसा नाही. राहा, भाड्यानं घर घ्या, काम करा. फक्त जमीन-घर नावावर करता येत नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. नाहीतर आपला माणूस फंडाचे पैसे हातात पडले की पहिल्यांदा प्लॉट बघतो.

मी तिकडं का गेलो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. मी घरी आलो आणि त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला. 28 वर्षांची काळी ट्रंक माळ्यावर चढवून आम्ही शाळेत मुक्कामाला. मग कोरोना, मग 2021 चा पूर. पण पाण्याला मी कंटाळलो नव्हतो. कंटाळलो होतो 'मेजर' या हाकेला. आपल्याकडं शिपाई असो नाहीतर सुभेदार, गावात तो मेजरच. मेजर, कँटीनची एक बाटली बघा की. मेजर, सोसायटीच्या पॅनेलला उभं राहा, माजी सैनिक म्हटल्यावर मतं पडतात. मेजर, पोराच्या भरतीचं काहीतरी करा. त्यात चुलतभावानं मी नसताना बांध हातभर माझ्याकडं सरकवलेला. सुट्टीवर यायचो तेव्हा महिनाभर ही माणसं गोड वाटायची. कायमचा आल्यावर कळलं की सुट्टीवरच्या फौजीला गाव पाहुणा धरतं आणि पेन्शनवाल्याला खातं.

एनसीसीच्या पोस्टिंगला असताना शेजारच्या क्वार्टरमध्ये गोरखा रेजिमेंटचे एक सुभेदार साहेब होते. मी त्यांना दाजू म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. ते पोखऱ्याचे. फोनवर रडगाणं ऐकून म्हणाले, "आओ ना यार, दो-चार महीना." 2022 च्या सप्टेंबरात गेलो. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौली. सुनौलीला हद्दीवर कमान आहे, तिच्याखालून आम्ही दोघं पिशव्या घेऊन चालत गेलो. शिक्का नाही, सही नाही, कुणी थांबवलं नाही. 28 वर्षं आय-कार्ड दाखवल्याशिवाय कुठल्या गेटातून आत पाय टाकला नव्हता. पलीकडं जाऊन मी उगाचच थांबलो. बायको म्हणाली, "आता काय सॅल्यूट मारणार?"

फेवा तालापासून वर चढावर दोन खोल्या मिळाल्या, भाडं 14 हजार एनसी. नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात, आपल्याला आयसी. दर बांधलेला आहे, आयसी 100 म्हणजे एनसी 160. भाडं, किराणा, गॅस, महिन्यातून दोनदा बकऱ्याचं मटण धरून आमचं आयसीत 28 हजारांत भागायचं. तुमच्या 34 मध्ये बसेल, पण पोराला पाठवायला फार काही उरणार नाही.

पहिले दोन महिने मला निवांत राहताच येईना. पहाटे साडेचारला डोळा उघडायचा. पाचला बूट घालून तयार, आणि जायचं कुठं? तळ्याकाठी फिरायचो. रंकाळ्यावर फेरी मारताना चार ओळखीचे भेटतात, तिथं एक नाही. समोर माछापुच्छ्रे शिखर, 6,993 मीटर, त्यावर ऊन आधी टोकाला लागायचं आणि मग खाली उतरायचं. ते बघत बसायचं काम तेवढं होतं. घरी येऊन मी बूट पॉलिश करायचो. रोज. एक दिवस बायकोनं पॉलिशची डबी लपवून ठेवली. हातातलं घड्याळसुद्धा मी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. नेपाळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं. दाजूंकडं जेवायला मी पंधरा मिनिटं उशिरा पोचायचो. फौजी माणूस आणि उशीर, म्हणून ते हसायचे.

तिथला खरा आनंद सांगतो. पोखऱ्याला आपल्या सरकारचं पेन्शन वाटपाचं ऑफिस आहे, गोरखा पेन्शनरांसाठी. वाटपाच्या दिवसांत डोंगरावरून म्हातारे उतरतात. डोक्याला ढाका टोपी, कोटावर मेडल, काहींबरोबर नातवंडं, आणि विधवा बायका कागद पदरात गुंडाळून आलेल्या. चहाच्या दुकानात बाकावर बसलं की कुणी 71 सांगतंय, कुणी सियाचीन. सगळेच फौजी, त्यामुळं मेजर कुणीच नाही. कोण कुणाला बाटली मागणार? त्या वेळी त्यांच्यात एकच विषय असायचा, अग्निपथ आल्यापासून नेपाळमधली भरती थांबलेली. घरात तीन पिढ्या पलटणीत आणि नातू आता आखाती देशात जायचं तिकीट काढतोय. आपल्या गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात भरतीला पळणारी पोरं आठवायची.

दसऱ्याला दाजूंच्या आईनं आमच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टिळा थापला आणि कानामागं जमरा खोवला. जमरा म्हणजे नवरात्रात उगवलेलं जवाचं पिवळं धान. आपल्याकडं घटातलं धान टोपीत खोवतात, अगदी तेच. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दसरा चौकात सोनं लुटायचा दिवस तो.

आता अडचणी. पेन्शन आपल्याच बँकेत जमा होत राहिली, त्याचं काही अडलं नाही. हयातीचा दाखला दोन्ही वर्षी नोव्हेंबरात घरी आलो तेव्हा करून टाकला. हे विसरू नका, पेन्शन थांबली की मग स्पर्शच्या, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलच्या, मागं लागत बसावं लागतं. दुसऱ्या देशांत कायमचं राहायला गेलात तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं खातं, करावं लागतं, तेही ध्यानात ठेवा. नोटांची कटकट तेव्हा फार होती, 100 च्या वरची आपली नोट तिथं चालत नव्हती. 2024 पासून दुकानात क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, त्यामुळं आता सोपं झालंय.

मोठी अडचण दवाखान्याची. दुसऱ्या वर्षी श्रावणात रात्री दोनला बायकोच्या पोटात कळ आली. पित्ताशयात खडे. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, डॉक्टर चांगले होते, पण बिल 1 लाख 90 हजार एनसी, तेही रोख. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड खिशात होतं आणि त्याचा उपयोग शून्य. तिथलं पॉलिक्लिनिक आहे ते गोरखा पेन्शनरांसाठी. हेच कोल्हापुरात झालं असतं तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन एक रुपया न देता काम झालं असतं. त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा हिशोब केला की आपण इथं किती वर्षं धडधाकट राहणार आहोत.

आणि घरच्यांचा जीव. 2023 च्या 15 जानेवारीला पोखऱ्याला विमान पडलं, 72 माणसं गेली. नवा विमानतळ सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. आम्ही बसनं जाणारी माणसं, विमानाशी आमचा संबंध नाही. तरी संध्याकाळपर्यंत एकतीस फोन आले. त्यात एक बांध सरकवणाऱ्या चुलतभावाचा. "दादा, बरा हायस न्हवं?" एवढंच विचारलं आणि ठेवला. बांध आहे तिथंच आहे अजून.

2024 च्या जानेवारीत परत आलो. आई 81 ची, तिला आता उचलून बसवावं लागतं. तरी वर्षातले तीन महिने आम्ही जातोच, आई तेवढे दिवस बहिणीकडं असते. तुम्हालाही मी हेच सुचवीन. घर, रान विकू नका, गाव सोडल्याचं कुणाला सांगूही नका. फंडाला हात न लावता पहिल्या खेपेला तीन महिने राहून बघा. बायकोला आधी विचारा, कारण आपल्याला पलटणीत परक्या मुलखाची सवय झाली, तिला नाही. माझी बायको तिथं भाजीवालीशी नेपाळी बोलायला लागली चौथ्या महिन्यात, तोवर ती माझ्यावर चिडूनच होती.

मार्चमध्ये घरी आलात की मतदार ओळखपत्र आधी काढा. नोकरीत आपलं नाव सर्व्हिस व्होटरमध्ये असतं, ते साध्या यादीत आणायला फॉर्म भरावा लागतो. विमानानं नेपाळला जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदार कार्डच चालतं, आधारावर अडवतात. जायचं ते ऑक्टोबरात, पावसाळ्यात सुनौलीकडून पोखऱ्याला जाताना घाटात दरडी कोसळतात. कांदा-लसूण चटणी दोन किलो न्या. एक किलो वाटण्यातच जाते, दाजू आता ती गुंद्रुकाच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, रश्श्यात घालतात.