दोन पाट्या लावून कारखाना लहान होत नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. मस्टरवर १८ माणसं, शिवाय पॅकिंगला ठेकेदाराची ३ पोरं. नव्या ऑर्डरसाठी आणखी २ ऑपरेटर हवेत, पण २० झाले की पीएफ लागतो. सीए सोडून सगळे म्हणतात, बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढ. त्यात गेल्या महिन्यात गेटवर युनियनचा बोर्ड लागला. ओव्हरटाइम दुप्पट द्या, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरा, असं पत्र आलंय. वडील म्हणतात, आता आपलं मुंबईच्या गिरण्यांसारखं होणार. इकडं पार्टी तीन-तीन महिने पैसे देत नाही आणि जीएसटी मात्र २० तारखेला भरावाच लागतो. काय करू?
– एक कारखानदार, शिरोली

उत्तर : सीएंचं ऐका. बाकीचे हितचिंतक नोटीस आल्यावर फोन उचलत नाहीत, हे मी या धंद्यात पुष्कळदा पाहिलंय.

मुळात तुम्ही २० च्या अलीकडे आहात हाच गैरसमज आहे. पीएफसाठी माणसं मोजताना ठेकेदाराकडून आलेलेही धरतात. १८ आणि ३ म्हणजे २१. तुम्ही रेषा आधीच ओलांडलेली आहे, नवे ऑपरेटर घ्या किंवा घेऊ नका. दुसऱ्या फर्मचं म्हणाल, तर शेड एक, लाइटचं मीटर एक, सकाळी कामं वाटून देणारे तुम्हीच, दोन्हीकडचा माल एकाच टेम्पोतून जाणार. पीएफचे अधिकारी पाटीवरचं नाव वाचून परत जात नाहीत. ते हजेरी, पगारपत्रक, बँकेचे व्यवहार बघतात आणि दोन्ही एकच आस्थापना धरतात. मग मागची थकबाकी, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड. मागच्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा आताच्या पगारातून कापता येत नाही, तोही तुमच्याच खिशातून जातो.

आता खर्च किती ते बघू. बेसिक आणि डीए मिळून १४,००० असेल तर मालकाचा १२ टक्के हिस्सा आणि विमा-प्रशासनाचा १ टक्का धरून माणशी १,८२० रुपये. मस्टरवरच्या २० जणांचे (१८ जुने, २ नवे) महिन्याला ३६,४००. रक्कम लहान नाही, मान्य. पण ती नव्या ऑर्डरच्या दरात धरून कोटेशन द्या. लपवलेल्या खर्चावर दर ठरवून घेतलेली ऑर्डर पुढे गळ्याशी येते. बेसिक कमी दाखवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती सुचत असेल तर तीही सोडा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले की वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

ईएसआयचं तुम्ही युनियनची मागणी म्हणून लिहिलंय. अहो, ते १० माणसांनाच लागू होतं! २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. ओव्हरटाइम दुप्पट हेही कायद्यातच आहे. म्हणजे युनियननं आजवर तुमच्याकडं जास्तीचं काही मागितलेलंच नाही. उद्या लेथवर कुणाचा हात सापडला आणि ईएसआय नसेल, तर भरपाई तुम्हाला द्यावी लागेल.

वडिलांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची गोष्ट वेगळी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरण्यांत वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार गेले कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे. ज्यांच्याशी बोलायला कायदा होता त्यांच्यामागे माणसं नव्हती, आणि माणसं ज्यांच्यामागे होती त्यांच्याशी बोलायला मालक आणि सरकार तयार नव्हते. गिरण्या बंद पडायला जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचे भाव अशी इतरही कारणं होती, पण बोलणीच होऊ नयेत अशी ती रचना मला सगळ्यात घातक वाटते. तुमच्याकडं तसं काही नाही. बोर्ड लावणारी पोरं रोज तुमच्यासमोरच असतात. त्यांना ऑफिसात बोलवा, चहा मागवा, पत्रावरचा एकेक मुद्दा घ्या, जे ठरेल ते लिहून दोघांनी सह्या करा. बोर्ड लावला म्हणून कुणाला कामावरून काढायचा विचार मनात असेल तर तो विचार सोडा. ती अनुचित कामगार प्रथा ठरते आणि मग खरंच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल.

जीएसटीवर माझ्याकडं जादू नाही. बिल फाडलं की कर देय, पैसे आले का हे सरकार विचारत नाही. पण उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून उशीर करणाऱ्या पार्टीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजाही मिळत नाही. मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. तक्रार केली तर पार्टी काम तोडेल ही भीती खरी आहे. म्हणून तक्रारीच्या आधी पीओवरच, म्हणजे पार्टीच्या खरेदी ऑर्डरवरच, ४५ दिवस लिहून घ्या.

उद्या पहिलं काम : ठेकेदाराकडून त्या ३ पोरांचे यूएएन (पीएफ खात्याचे) नंबर आणि पीएफ भरल्याची चलनं मागवा. त्यानं भरलं नसेल तर ती जबाबदारीही मूळ मालक म्हणून तुमच्यावरच येते.