५०० जीबीची हार्डडिस्क घेतली, कॉम्प्युटरवर ४६५ च दिसते. दुकानदाराने फसवलं का? आणि जीबी, रॅम, स्टोरेज हे नेमकं काय?

नाही फसवलं. अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि या ३५ जीबीपायी मी सख्ख्या दाजींच्या शिव्या खाल्ल्यात.

हिवाळ्यात पारोळ्याकडे त्यांच्या शेतात भरीत पार्टी होती. वांगी काड्यांवर भाजत होती आणि वीसेक पाहुण्यांसमोर दाजी म्हणाले, "पस्तीस जीबी कोठे गयात रे भो? खाई गया का तू?" आठच दिवसांपूर्वी मी त्यांना हार्डडिस्क बसवून दिली होती, तीही खरेदीच्याच भावात. कापूस मोजताना व्यापारी काटा मारतो, तसा मेव्हण्याने मारला, एवढंच सगळ्यांना कळलं. वर एक काका म्हणे, वांगं भाजल्यावर हलकं होतं, तसं असेल.

तसं नसतं हो! बाइट हे कॉम्प्युटरमधली माहिती मोजायचं छोटं माप. कंपनी १ जीबी, म्हणजे गिगाबाइट, १०० कोटी बाइटचा धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून त्याच्या लेखी १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. ५०० गुणिले १०० कोटीला या आकड्याने भागून बघा, ४६५ च येतात. १२० केळी आहेत. कुणी १० चा डझन धरला तर १२ डझन, आपण १२ चा धरला तर १० च. केळं एकही कमी नाही. अ‍ॅपलचा मॅक कॉम्प्युटर १००० नेच मोजतो, तिथे हीच डिस्क ५०० दिसते. त्या पार्टीत मी गाडीतून डिस्कचा खोका आणला, १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट ही मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचून दाखवली. दाजी कळण्याची भाकरी मोडत म्हणाले, "छापाले काय जास?"

माझं स्पष्ट मत, घोळ विंडोजचा आहे. १०२४ च्या मापाला १९९८ पासून गिबीबाइट असं वेगळं नाव आहे, पण विंडोज अजून जीबीच लिहितं आणि शिव्या दुकानदाराला.

रॅमचं म्हणाल तर ती काम चालू असताना लागणारी जागा, वीज गेली की रिकामी. स्टोरेजमध्ये, म्हणजे हार्डडिस्कसारख्या जागेत, ठेवलेलं वीज गेली तरी राहतं. रॅम १०२४ च्याच हिशोबाने विकतात, त्यामुळे तिथे हे भांडण होत नाही.

हां, ५०० च्या जागी २००-२५० दिसत असतील तर गोष्ट वेगळी. आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, उरलेल्या जागेचं पार्टिशन, म्हणजे वापरायला वेगळा भाग, करायचं राहिलं असेल. आणि रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांत मिळणारा १ टीबीचा, म्हणजे १००० जीबीचा, पेनड्राइव्ह घेऊ नका. तो १ टीबी दाखवतो, पण आत तेवढी जागाच नसते. तिथे खरोखर काटा मारलेला असतो.

मागच्या दिवाळीत दाजींनी धुळ्याहून १ टीबीची डिस्क आणली. ९३१ दिसतात, म्हणजे ६९ कमी. मी विचारलं, "दाजी, दुकानदाराला फोन केला का?" तर म्हणे, "त्याले काय बोलानं, कंपनीच तशी देस."