४०० चा रोल २०० वर लावायचा का? आपला फिल्म स्पीड आपणच काढावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म मीटरवर ४०० हा स्पीड लावूनच वापरता, आयडी-११ या डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घालून (१+१) २० अंशांवर १३ मिनिटं धुता. वाड्याच्या ओसरीवर आजींचा फोटो काढलात. चेहरा छान आला, पण मागचा सागवानी खांब आणि लुगड्याच्या निऱ्या सपाट काळ्या. मित्र म्हणतो, २०० वर लाव, म्हणजे फिल्म निम्मीच संवेदनशील धर आणि तिला दुप्पट प्रकाश दे. कॅमेरा सत्तरच्या दशकातला, त्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरमध्ये घड्याळवाल्याकडचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल.

आधी ती निगेटिव्ह उजेडावर धरा. खांबाची जागा फिल्मच्या कोऱ्या कडेइतकीच पारदर्शक दिसते का? तसं असेल तर तिथे प्रकाश पोचलाच नाही. मग डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवा, फार काही हाती लागणार नाही. पण भिंग लावल्यावर खांबाच्या रेषा दिसत असतील, तर दोष प्रिंटमध्ये किंवा स्कॅनरच्या ऑटो सेटिंगमध्ये आहे आणि स्पीड बदलायची गरज नाही.

जागा कोरी आहे असं धरून पुढे लिहितो.

डब्यावरचा ४०० खोटा नाही. आयएसओच्या पद्धतीत कोऱ्या फिल्मपेक्षा ०.१० जास्त घनता (निगेटिव्हचा गडदपणा) कुठे मिळते ते पाहतात आणि त्यावरून आकडा ठरवतात. हा बिंदू मीटरने सांगितलेल्या एक्स्पोजरच्या साधारण सव्वातीन ते साडेतीन स्टॉप खाली येतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना एकेका स्टॉपच्या अंतराने क्रमांक देतात, मीटरचं वाचन म्हणजे झोन ५. त्यात मात्र तीच ०.१० घनता झोन १ वर, म्हणजे मीटरच्या चार स्टॉप खाली मागतात. फरक झाला साधारण दोनतृतीयांश स्टॉपचा. त्यामुळे सगळी साधनं अचूक असली तरी झोन पद्धतीने चाचणी करणाऱ्याला ४०० च्या फिल्मचे २५० च्या आसपास मिळतात. आकडा मोजण्याच्या रीतीवर किती अवलंबून असतो पाहा: १९६० साली अमेरिकी मानकातली सुरक्षिततेसाठी धरलेली जादा एक्स्पोजरची पट कमी केली, तेव्हा त्याच फिल्म्सचे आकडे जवळपास दुप्पट झाले.

मित्राचे २०० यातूनच आले असणार. पण त्यात त्याचा मीटर, त्याचं शटर, त्याचा थर्मामीटर आणि डेव्हलपिंगचा डबा हलवायची त्याची सवय हे सगळं मिसळलेलं आहे. तुमचा आकडा १६० निघेल, कदाचित १०० सुद्धा.

१०० म्हणायचं कारण तुमचा सेल. त्या काळातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले होते. त्यात १.५ चा घातला की अनेक मीटर उजेड जास्त दाखवतात आणि आपण एक्स्पोजर कमी देतो. शिवाय अल्कलाइन सेलचा विद्युतदाब वापरानुसार उतरत जातो, त्यामुळे आज काढलेला आकडा दोन महिन्यांनी लागू पडत नाही. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल छोटी रिंग लावून बसवता येतो. तो काही महिनेच टिकतो, पण दाब स्थिर ठेवतो. चाचणीच्या आधी हे करून घ्या.

आता चाचणी. मी घोंगडी वापरतो. सावलीतल्या भिंतीवर ती ताणून टांगतो, ऊन कुठूनही पडणार नाही अशी. घोंगडीच का, तर तिची वीण पुढे झोन ३, म्हणजे मीटरच्या दोन स्टॉप खालची छटा, तपासताना कामी येते. ढग सरकत असतील तेव्हा चाचणी करू नका, मीटर दर मिनिटाला हलतो. फ्रेम घोंगडीने पूर्ण भरा, आपली सावली पडू देऊ नका आणि फोकस अनंतावर ठेवा. वीण धूसर होऊन एकसारखा करडा रंग मिळतो आणि जवळच्या फोकसमुळे होणारी प्रकाशाची घटही टळते.

मीटर ४०० वर ठेवून वाचा. समजा १/६० ला एफ/४ आलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). एक फ्रेम लेन्सला टोपी घालून कोरी सोडा. मग शटर १/६० वरच ठेवून एफ/१६, १६ आणि ११ च्या मध्ये, ११, ११ आणि ८ च्या मध्ये आणि ८ अशा पाच फ्रेम घ्या. त्या अनुक्रमे ४००, २८०, २००, १४० आणि १०० च्या झोन १ आहेत. शटरला हात लावायचा नाही, कारण जुन्या शटरच्या दोन वेगांमधली चूक चाचणीत शिरते. उरलेल्या रोलवर नेहमीसारखे फोटो काढा, म्हणजे डेव्हलपरवर नेहमीइतकाच ताण येईल. मग रोल अगदी रोजच्या पद्धतीने धुवा.

निगेटिव्ह वाचायला डेन्सिटोमीटर, म्हणजे घनता मोजायचं यंत्र, लागतो असं नाही. ०.१० घनता म्हणजे एकतृतीयांश स्टॉप. लाइटबॉक्सवर कोरी फ्रेम स्पॉट मीटरने (छोट्याशा जागेचा उजेड मोजणाऱ्या मीटरने) मोजा, मग बाकीच्या. कोरीपेक्षा एकतृतीयांश स्टॉपने जी गडद, तो तुमचा स्पीड.

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायचं यंत्र, असेल तर मला प्रिंटची रीत जास्त पटते, कारण शेवटी बघायचं कागदावरच आहे. कोऱ्या फ्रेममधून कागद पूर्ण काळा व्हायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते पट्टी काढून ठरवा. तेवढ्याच सेकंदांत पाचही फ्रेम छापा. काळ्यापासून जी पहिल्यांदा जेमतेम वेगळी दिसते, ती तुमची. पट्टी ओली असताना निर्णय घेऊ नका. वाळल्यावर कागद आणखी गडद होतो आणि ओल्या पट्टीवर वेगळी वाटलेली फ्रेम काळ्यात मिसळून जाते.

स्पीड ठरला की फिल्म धुण्याची वेळ ठरवायची. नव्या आकड्यावर मीटर वाचून तीन स्टॉप जास्त द्या, म्हणजे झोन ८. त्याच सेकंदांत छापल्यावर तो कागदाच्या पांढऱ्यापेक्षा किंचित मळका दिसायला हवा. निव्वळ पांढरा आला तर धुण्याची वेळ दहा-पंधरा टक्के कमी करा, करडा आला तर वाढवा. ही पायरी बरेच जण सोडतात. मग २०० वर लावलेला रोल जुन्याच १३ मिनिटांत धुतात आणि आकाश, पांढरी टोपी, सदरा सगळं जळतं, म्हणजे तपशील जाऊन निव्वळ पांढरं होतं.

पाण्याबद्दल एक सांगतो. पुण्यात एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नका, तो पातळ होतो. डबा आणि बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा. वीस अंश जमणारच नसेल तर चोवीसवर धुवा, १३ मिनिटांची तिथे साधारण ९ होतात. पण मग चाचणीही चोवीसवरच करा. माझा एक थर्मामीटर दोन अंश कमी दाखवत होता. वर्षभर माझ्या निगेटिव्ह कडक, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात फार फरक असलेल्या, येत होत्या आणि मी तो फरक सावरायला कागदाचे ग्रेड बदलत बसलो होतो. दुसरा थर्मामीटर शेजारी बुडवून पाहिला तेव्हा कळलं.

आकडा मिळाला की कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: फिल्म, डेव्हलपर, अंश, मिनिटं आणि सेल कधी घातला ती तारीख. त्यानंतर ओसरीवर जाऊन आजींचा तोच फोटो पुन्हा घ्या. मीटर चेहऱ्यावर न धरता निऱ्यांवर धरा आणि तिथल्या वाचनापेक्षा दोन स्टॉप कमी द्या, म्हणजे निऱ्या झोन ३ वर येतील.