वाचनाची सवय चार दिवसांत सुटते, ती टिकवायची कशी?

आधी ‘रोज 50 पानं’ हा संकल्प सोडा. माझाही तो दर जानेवारीत मोडायचा. पानांपेक्षा वेळ आणि जागा ठरवा. माझं वाचन टिकलं ते सकाळच्या चहामुळे. पुस्तक ओट्याजवळ, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत सहा पानं होतात. महिन्याची 180, म्हणजे एक मध्यम आकाराचं पुस्तक.

सुरुवात जाडजूड कादंबरीने नको. कथासंग्रह किंवा दिवाळी अंक बरा, एका बैठकीत एक कथा संपते. (जुने अंक रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळतात.) पुस्तक आवडलं नाही तर तीस पानांनंतर खुशाल बाजूला ठेवा, मास्तर तपासायला येणार नाहीत. ‘हे वाचायलाच हवं’ अशा एका पुस्तकापाशी माझं वाचन चार महिने अडून बसलं होतं!

आणि जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा. ठाणेकरांकडे तर 1893 सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. परत करायची तारीख जवळ आली की पानं भराभर उलटतात. विकत घेतलेलं पुस्तक मात्र कपाटात वर्षानुवर्षं वाट बघत बसतं.