न पिकवण्याचं भाडं

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आयोवात असतो. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला काही एकर रान नुसतं गवताखाली ठेवायचे दरवर्षी सरकारकडून पैसे मिळतात म्हणे. मुरबाडजवळ आमची वडिलोपार्जित चार एकर वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन आहे. तिथेही वर्षानुवर्षं गवतच आहे. मग आम्हाला का नाही?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : भाचा थापा मारत नाही. 1985 च्या शेती कायद्याने तिकडे ‘काँझर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ आला. शेतकरी 10 ते 15 वर्षांचा करार करतो, धुपणारं रान नांगराखालून काढतो आणि तिथे गवत किंवा झाडं लावतो. सरकार एकरी वार्षिक भाडं देतं, शिवाय लावणीच्या खर्चातला निम्म्यापर्यंतचा वाटा उचलतं. मध्येच करार मोडला, तर घेतलेलं भाडं व्याजासकट परत.

आता तुमचं गवत. हे पैसे गवताचे नाहीत, सोडून दिलेल्या पिकाचे आहेत. जमीन आधी काही वर्षं पिकाखाली असल्याचं दाखवावं लागतं. तुमच्या वरकसावर पूर्वी भाताच्या रोपांच्या राबासाठी ऐनाच्या फांद्यांची टाहळ तोडत असतील, पण नांगर कधी फिरला? कुरणांसाठी त्यात वेगळा विभाग आहे खरा, पण तो गुरं चारणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे वर्तकनगरात शेळीसुद्धा नसेल.

मला त्यातलं एक कलम फार आवडतं. एका काउंटीतल्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातल्या, लागवडीच्या जमिनीपैकी साधारणपणे 25 टक्क्यांहून जास्त जमीन योजनेत घेता येत नाही. कारण उघड आहे. मालकाला घरबसल्या भाडं मिळतं, पण त्या रानावर जगणारे इतरही असतात. बियाणं-खतवाला, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, धान्याच्या कोठारावरचा माणूस. खंडाने जमीन कसणाऱ्या पोराची तर जमीनच जाते. अर्धा मुरबाड तालुका असा गवताखाली गेला, तर बाजारपेठेतली किती दुकानं उघडी राहतील, सांगा. अमेरिकेत निदान कायद्यातच दुकानदाराचा विचार झाला. आपल्याकडे खतवाला आठवतो तो लिंकिंगची, म्हणजे खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारल्याची, तक्रार आल्यावर.

आपल्याकडे पडीक ठेवण्याचं भाडं नाही, लावण्याचं अनुदान आहे. तुमच्या कामाची ती भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, 2018-19 पासूनची. कोकणात 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो, म्हणजे चार एकर सहज बसतात. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं येतं, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली ते बघून. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. मात्र ज्यांचं पोट फक्त शेतीवर आहे त्यांना आधी प्राधान्य, आणि ते बरोबरच आहे. तुमचा नंबर उशिरा लागला तर सहायक कृषी अधिकाऱ्यावर (पूर्वीचा कृषी सहायक) चिडू नका.

अर्जाआधी सातबारा नीट वाचा. ठाणे जिल्ह्यातल्या वरकस जमिनींवर ‘इतर हक्क’ रकान्यात खाजगी वनाचा शेरा, वन कायद्याचं कलम 35(3) वगैरे, निघतो. मुरबाड-शहापुरात नोकरी करताना मी असे शेरे इतके पाहिलेत, की हल्ली सातबारा हातात आला की आधी तोच रकाना बघतो. शेरा असेल तर खड्डे खणायच्या आधी तहसील आणि वनखात्याकडून खुलासा घ्या. नसेल तर काजू लावा. होळीच्या आधी बांधालगत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा, कारण शेजारच्या रानातला वणवा एका दुपारी सगळी कलमं नेतो.

आणि वडिलोपार्जित म्हणता, म्हणजे सातबाऱ्यावर काका-आत्यांची नावं असणारच. सामाईक खात्यात सगळ्यांचं संमतिपत्र लागतं. सह्या झाल्या की कळवा, कलमांची जात आणि खड्ड्यांचं माप तेव्हा सांगतो.